पाणी उकळले खरे, पण प्यायले कोणते?

पावसाळा सुरू झाला की एखाद्या सकाळी नळाला चहासारखे पाणी येते. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेची रिक्षा कर्णा लावून गल्लोगल्ली फिरू लागते. "नागरिकांनी पाणी उकळून व गाळून प्यावे." त्यानंतर आठवडाभर माझ्या दवाखान्यात दोन प्रकारचे लोक येतात. पहिले म्हणतात, "डॉक्टर, खरंच उकळायला पाहिजे का? आमचं आयुष्य याच पाण्यावर गेलं." दुसरे म्हणतात, "आम्ही तर उकळूनच पितो, मग पोराला जुलाब कसे लागले?"

पहिल्यांची समजूत घालणे सोपे असते. घरात एकाला विषमज्वर झाला की तेही उकळू लागतात. दुसऱ्यांचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याचे उत्तर कर्ण्यावरून कोणी देत नाही. आजचा लेख त्यांच्यासाठी आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गावात काविळीची साथ होती. ओळखीच्या एका घरून मला बोलावणे आले. बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक, आठवा महिना. दोन-तीन दिवस अन्नावर वासना नाही, उलट्या, अंगात कणकण, आणि लघवी गडद पिवळी. डोळे पाहिले, तेही पिवळे. तिची आई रडकुंडीला आली होती. "डॉक्टर, महिनाभर या घरात उकळल्याशिवाय पाणी प्यायलेलं नाही. मी स्वतः उकळते."

मुलीला जिल्हा रुग्णालयात नेण्यासाठी गाडी बोलावली. गाडी येईपर्यंत मी म्हटले, "वहिनी, तुम्ही पाणी कसं उकळता ते मला एकदा दाखवा." गॅसवर मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळत होते. तिथवर सगळे ठीक होते. मग त्यांनी ते ओट्यावरच्याच फडक्यातून गाळले आणि माठात ओतले. माठात नळाचे पाणी आधीच अर्ध्यावर भरलेले होते. "नुसतं गरम ओतलं तर माठ तडकतो. आणि असं केलं की पाणी लवकर निवतं," त्या म्हणाल्या. तेवढ्यात घरातला लहान मुलगा अंगणातून खेळून आला आणि हात न धुता पेला माठात बुडवून पाणी प्यायला.

ती मुलगी वाचली. बाळ वाचले नाही. कावीळ त्या माठातूनच झाली असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण माणूस दिवसभरात दहा ठिकाणचे पाणी पितो. पण एक गोष्ट नक्की. त्या माउलीने महिनाभर गॅस जाळला, कष्ट केले, आणि घरातले सगळे प्यायले ते अर्धे नळाचेच पाणी.

नळाला घाण पाणी येतेच कसे?

जलशुद्धीकरण केंद्रात पाण्यातला गाळ तुरटीने खाली बसवतात, पाणी वाळूच्या थरातून गाळतात आणि त्यात क्लोरीन घालतात. तिथून निघताना ते बहुधा चांगले असते. बिघाड होतो तो वाटेत.

आपल्याकडे पाणी चोवीस तास नसते. कुठे तासभर येते, कुठे दोन-तीन दिवसांआड येते. पाणी सुरू असते तेव्हा जलवाहिनीत दाब असतो, म्हणून गळक्या सांध्यातून पाणी बाहेर झिरपते. पुरवठा बंद झाला की दाब जातो, पाइप रिकामा होतो आणि त्याच सांध्यातून बाहेरचे पाणी आत शिरते. शेजारून गटार वाहत असेल तर गटाराचे पाणी शिरते. अनेक घरांचे नळजोडणीचे पाइप तर चक्क गटारातूनच गेलेले असतात. त्यात आपण नळाला थेट मोटर लावतो. ही मोटर शेजाऱ्याचे पाणी तर ओढतेच, पण पाइपला कुठे भोक असेल तर तिथली घाणही ओढून घेते.

म्हणूनच नळाला पाणी आल्यावरची पहिली काही मिनिटे सर्वांत धोक्याची. ते पाणी मोरी धुवायला, झाडांना वापरावे. पिण्याचे पाणी त्यानंतर भरावे.

पाणी स्वच्छ दिसते म्हणजे ते निर्धोक असते असे मात्र नाही. पटकी, विषमज्वर, हगवण, कावीळ यांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. काचेच्या पेल्यात चकचकीत दिसणाऱ्या पाण्यातही ते असू शकतात.

किती वेळ उकळायचे?

कोणी दहा मिनिटे सांगतो, कोणी वीस. गॅसचा भाव पाहता वीस मिनिटे ऐकूनच अनेक घरे उकळण्याचा नाद सोडतात. आणि काही जण भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद करतात. दोन्हींत चूक आहे.

पाण्यातून रोग पसरवणारे बहुतेक जंतू आणि विषाणू सत्तर अंशांच्या आसपासच भराभर मरू लागतात. पाणी उकळेपर्यंत त्यांचा निकाल बहुतांशी लागलेला असतो. मग शंभर अंशांपर्यंत का न्यायचे? कारण घरात कोणी तापमापक घेऊन बसत नाही. खळखळून आलेली उकळी हाच आपला तापमापक. सगळे पाणी वर-खाली ढवळून निघेल अशी उकळी फुटली की त्यानंतर पूर्ण एक मिनिट उकळू द्यावे आणि गॅस बंद करावा. भात टाकण्यासाठी आधण ठेवणाऱ्या कोणत्याही गृहिणीला ही उकळी ओळखू येते.

उंच ठिकाणी पाणी कमी तापमानाला उकळते. म्हणून समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर तीन मिनिटे उकळावे लागते. आपल्या राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, त्याची उंची १,६४६ मीटर. तेव्हा महाराष्ट्रात कुठेही राहा, एक मिनिट पुरेसे आहे. लेह-लडाखला सहलीला जाणाऱ्यांनी तीन मिनिटांचे लक्षात ठेवावे.

पातेल्यावर झाकण ठेवले तर गॅस वाचतो. गीझरचे, सोलरचे किंवा बंबाचे गरम पाणी म्हणजे उकळलेले पाणी नव्हे, ते पिऊ नये.

आधी गाळा, मग उकळा

"उकळून व गाळून" हे शब्द आपल्या तोंडात इतके बसले आहेत की बहुतेक घरी त्याच क्रमाने काम होते. आधी उकळतात, मग गाळतात. हा क्रम उलटा आहे. उकळलेले पाणी ज्या फडक्यातून गाळायचे, ते फडके किती स्वच्छ असते? त्यानेच ओटा पुसलेला असतो, त्यानेच पातेले उतरवलेले असते. म्हणजे मारलेले जंतू पुन्हा घालण्याचाच हा प्रकार.

गढूळ पाणी आधी काही वेळ स्थिर ठेवावे. गाळ खाली बसला की वरचे पाणी सुती कापडाच्या चार पदरी घडीतून गाळून घ्यावे. मग उकळावे. तुरटी फिरवली तर गाळ लवकर बसतो, पण तुरटीने जंतू मरतात असे समजू नये. गाळण्याचे फडके वेगळे ठेवावे, रोज साबणाने धुऊन उन्हात वाळवावे. उकळल्यानंतर मात्र पाण्याला कोणतेही फडके लावू नये.

खरी परीक्षा उकळल्यानंतरची

नळाच्या पाण्यात थोडे क्लोरीन शिल्लक असते. वाटेत एखादा जंतू शिरला तर त्याला मारण्यासाठी ती राखीव फौज असते. उकळल्यावर हे क्लोरीनही उडून जाते. म्हणजे उकळलेले पाणी स्वच्छ असते, पण त्याला राखणदार नसतो. त्यात एक मळका हात बुडाला तरी ते पुन्हा दूषित होते. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

ज्या भांड्यात उकळले त्याच भांड्यात झाकण ठेवून पाणी निवू द्यावे. रात्रीची जेवणे आटोपली की उकळून ठेवावे, सकाळपर्यंत निवते. थंड करण्यासाठी त्यात कच्चे पाणी किंवा बर्फ घालू नये.

साठवायला तोटीचे स्टीलचे पिंप सर्वांत उत्तम, कारण त्यात हात जातच नाही. ते नसेल तर अरुंद तोंडाची कळशी किंवा सुरई चालेल. माठच वापरायचा असेल तर तो आधी पूर्ण रिकामा करून आतून घासून धुवावा, शेवटी उकळलेल्या पाण्याने विसळावा आणि निवलेले पाणी त्यात भरावे. निवलेल्या पाण्याने माठ तडकत नाही. पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे आणि ते खिळ्याला टांगावे. माठाच्या झाकणावर पालथा ठेवलेला पेला हा आपल्या घराघरांतला रोगाचा दलाल आहे.

उकळलेले पाणी चोवीस तासांत संपवावे. उरलेले पाणी भांडी घासायला वापरावे आणि पिंप धुऊन नवे भरावे. जुन्यात नवे ओतत जाऊ नये.

पाणी फिके लागते ही तक्रार खरी आहे. उकळताना त्यातली हवा निघून जाते. रात्रभर झाकून ठेवले की चव बरीच परत येते.

आणि एक कळकळीची सूचना. पावसाळ्यात माझ्याकडे जुलाबाच्या मुलांबरोबर उकळत्या पाण्याने भाजलेली मुलेही येतात. पातेले शेगडीच्या मागच्या बाजूला ठेवावे. भरलेले उकळते पातेले उचलून घरभर फिरू नये. जमिनीवर निवत ठेवू नये. चूल असेल तर मुले झोपल्यावर पाणी उकळावे.

हे पाणी कशाकशाला वापरायचे?

फक्त पिण्याला, असे उत्तर बहुतेक जण देतात. पण जे पाणी न शिजता पोटात जाते, ते सगळे उकळलेलेच हवे. ताक, सरबत, पन्हे, लिंबूपाणी, बर्फ. कोशिंबिरीच्या काकड्या, कोथिंबीर, फळे धुण्याचे पाणी. दात घासून चूळ भरण्याचे पाणी. कवळी ठेवण्याचे पाणी. औषधाच्या पावडरीत घालायचे पाणी. बाळाची बाटली, वाटी-चमचा धुण्याचे पाणी. देवाच्या तीर्थासाठी, पंचामृतासाठीही उकळून गार केलेलेच पाणी घ्यावे, देवाला त्याचे वावडे नाही. मुलांना शाळेत जाताना घरची बाटली द्यावी आणि दुसऱ्याची बाटली तोंडाला लावू नये असे बजावावे.

वरण, भात, भाजी, नीट उकळलेला चहा यांना नळाचे पाणी चालते, कारण ते शिजतानाच उकळते. अंघोळीला, कपड्यांना, फरशीला उकळण्याची गरज नाही. मात्र लहान मुलांना अंघोळ घालताना पाणी तोंडात जाऊ देऊ नये. भांडी साबणाने घासून पूर्ण कोरडी करावीत, शक्य तर उन्हात.

सहा महिन्यांच्या आतील बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये, उकळलेले पाणीसुद्धा नाही. आईच्या दुधात पाणी पुरेसे असते.

साथीच्या दिवसांत बाहेरची पाणीपुरी, बर्फाचा गोळा, बर्फ घातलेला उसाचा रस यांना आवर घालावा. बर्फाने जंतू मरत नाहीत, ते गारव्यात टिकून राहतात.

फिल्टर आहे, जार आणतो, मग?

कँडलच्या साध्या फिल्टरमधून गाळ अडतो, पण काविळीचे विषाणू इतके सूक्ष्म असतात की ते पार होतात. अतिनील किरणांचे यंत्र चांगले, पण पाणी स्वच्छ असेल, वीज असेल आणि दिवा वेळेवर बदललेला असेल तरच. गढूळ पाण्यात किरण नीट पोचत नाहीत. आरओचा पडदा शाबूत आहे की फाटला, हे आपल्याला दिसत नाही. म्हणून पाणी उकळण्याची सूचना लागू असेपर्यंत यंत्रातून आलेले पाणीही उकळावे.

लग्नकार्यात, दुकानांत जे थंडगार जार येतात, ते शुद्धच असतात असे नाही. गार म्हणजे शुद्ध नव्हे. विकत घ्यायचेच असेल तर कंपनीचे सील असलेले आणि मानक चिन्ह असलेले पाणी घ्यावे.

उकळणे शक्यच नसेल, गॅस संपला असेल, पुराने घर सोडावे लागले असेल, तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा द्रव क्लोरीन वापरावे. आरोग्य केंद्रात किंवा औषधाच्या दुकानात ते मिळते. पाणी आधी गाळून घ्यावे, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच औषध घालावे, ढवळावे आणि अर्धा तास थांबूनच प्यावे. अमिबासारखे काही जीव क्लोरीनला लवकर दाद देत नाहीत, त्यामुळे जमेल तेव्हा उकळणेच श्रेयस्कर.

उकळण्याचीही मर्यादा आहे. त्याने जंतू मरतात, पण पाण्यातले क्षार, फ्लोराइड, नायट्रेट किंवा एखादे रसायन जात नाही. उलट पाणी आटल्याने ते किंचित वाढते. पाण्याला रसायनाचा वास येत असेल तर ते उकळून पिण्याच्या भानगडीत पडू नये, नगरपालिकेला कळवावे आणि दुसरीकडचे पाणी आणावे.

कावीळ उशिरा येते

१९५५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात दिल्लीत नजफगड नाल्याचे सांडपाणी यमुनेतून पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत शिरले. हे लक्षात येताच क्लोरीनची मात्रा वाढवण्यात आली. त्याचा उपयोग झाला, विषमज्वर आणि हगवण यांची साथ आली नाही. पण डिसेंबर आणि जानेवारीत काविळीची लाट उसळली. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्या वेळी साठवून ठेवलेले रक्ताचे नमुने पुढे अनेक वर्षांनी तपासले गेले, तेव्हा ही ई प्रकारची कावीळ असल्याचे स्पष्ट झाले.

यातून आपण दोन गोष्टी शिकायच्या. जिवाणूंना पुरणारे क्लोरीन विषाणूंना पुरेलच असे नाही, पण उकळीपुढे दोघेही टिकत नाहीत. आणि दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दूषित पाणी प्यायल्यावर पटकी काही तासांत ते पाच दिवसांत दिसते. विषमज्वराला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. ई प्रकारच्या काविळीला मात्र दोन ते दहा आठवडे लागतात, बहुधा पाच-सहा. म्हणजे पाणी गढूळ झाले, आठवड्याने स्वच्छ झाले, लोकांनी उकळणे सोडले, सगळे विसरले आणि मग महिन्या-सव्वा महिन्याने घराघरांत पिवळे डोळे दिसू लागतात. तेव्हा गाव खडबडून जागे होते. खरी चूक मात्र महिन्यापूर्वीच झालेली असते.

ही कावीळ बहुतेकांची विश्रांती आणि साध्या आहाराने आपोआप बरी होते. गर्भवतीची गोष्ट वेगळी. शेवटच्या तीन महिन्यांत ई प्रकारची कावीळ झालेल्या शंभर स्त्रियांपैकी वीस-पंचवीस दगावू शकतात. म्हणून घरात गर्भवती असेल तर सूचना मागे घेतली तरी पावसाळाभर पाणी उकळावे. तिला लघवी पिवळी होणे, मळमळ, अन्नाची शिसारी अशी लक्षणे दिसली तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

काविळीला माळ घालणे, डोळ्यांत रस पिळणे, मनगटावर डाग देणे हे प्रकार अजून चालतात. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, त्यातलाच हा प्रकार. बिघाड यकृतात आणि चटका मनगटाला. आपोआप बऱ्या होणाऱ्या रुग्णाचे श्रेय माळेला मिळते आणि गंभीर रुग्णाचे मोलाचे दिवस वाया जातात. काविळीचा रुग्ण सारखा झोपू लागला, असंबद्ध बोलू लागला, रक्तस्राव झाला किंवा उलट्या थांबत नसतील, तर क्षणाचाही विलंब करू नये.

जुलाब लागलेच तर

जुलाबात माणूस जंतूने कमी आणि अंगातले पाणी, क्षार गेल्याने अधिक मरतो. म्हणून पहिले औषध जलसंजीवनी, म्हणजेच ओआरएस. एक लिटरचे पाकीट असेल तर ते पूर्ण पाकीट उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात विरघळवावे. पाकिटे लहान आकारातही मिळतात, तेव्हा किती पाण्यासाठी आहे ते वाचून घ्यावे. अर्धे पाकीट पेल्यात घालून देणे चूक आहे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. तयार पाणी चोवीस तासांनी टाकून द्यावे. दुकानातली फळांच्या चवीची गोड पेये म्हणजे जलसंजीवनी नव्हे.

दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, मोठ्यांना हवे तितके द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नये. मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्याव्यात, जुलाब थांबले तरी.

मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, तोंड कोरडे पडले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, शौचात रक्त पडू लागले किंवा तांदळाच्या धुवणासारखे पातळ जुलाब होऊ लागले, तर घरी बसू नये.

आणखी एक लक्षण सांगतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, त्यांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. काही रुग्णांच्या शौचाच्या तपासणीत जुलाबाचा एक जंतू सापडला आणि संशयाचे बोट पाण्याकडे गेले. हा आजार विरळा आहे, घाबरण्याचे कारण नाही. पण जुलाब होऊन गेल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पायांत मुंग्या, चालताना पाय लटपटणे, जिना चढता न येणे असे झाले तर थेट मोठ्या रुग्णालयात जावे.

सूचना मागे घेतल्यावर

पाणी ठीक झाल्याचे जाहीर झाले की लगेच पेला भरू नये. सगळे नळ काही मिनिटे वाहू द्यावेत. गच्चीवरची टाकी आणि जमिनीतला हौद रिकामा करून घासावा. फ्रीजमधला जुना बर्फ टाकून द्यावा. फिल्टरची कँडल घासून उकळावी किंवा बदलावी.

घरोघरी पाणी उकळणे हा तात्पुरता उपाय आहे. त्याचा सगळा भार घरच्या बाईवर आणि गॅसच्या टाकीवर पडतो. म्हणून नगरपालिकेला विचारत राहावे. गळती कुठे आहे, ती कधी दुरुस्त होणार? भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवे. आपल्या गल्लीच्या शेवटच्या नळाला ते मिळते का? ही तपासणी अवघड नाही, पाण्यात औषधाचा थेंब टाकल्यावर पिवळा रंग येतो की नाही एवढेच पाहायचे असते. आणि आपल्या बाजूने नळाला थेट लावलेली मोटर काढावी, गटारातून गेलेला जोडणीचा पाइप बदलून घ्यावा. आपला गळका पाइप सगळ्या गल्लीला घाण पाजतो.

एवढे कात्रण काढून स्वयंपाकघरात चिकटवावे:

१. नळाचे पहिले पाणी पिण्यास भरू नये.
२. आधी गाळावे, मग उकळावे.
३. खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट.
४. त्याच भांड्यात, झाकून निववावे.
५. उकळलेल्यात कच्चे पाणी, बर्फ, फडके, हात घालू नये.
६. तोटीचे पिंप किंवा टांगलेले ओगराळे वापरावे.
७. चोवीस तासांत संपवावे.
८. घरात गर्भवती असेल तर पावसाळाभर उकळावे.

त्या घरी मी नंतरही जातो. माठाच्या जागी आता तोटीचे पिंप आहे. वहिनी कोणालाही, अगदी मलाही, पेला बुडवू देत नाहीत. त्यांचे पाणी उकळणे पूर्वीही मनापासूनच होते, उणीव होती ती पुढची काळजी घेण्यात. तेवढी काळजी घ्यायला जास्त गॅस लागत नाही आणि पैसाही लागत नाही. आज संध्याकाळी आपल्या घरी पाणी उकळेल तेव्हा पाच मिनिटे स्वयंपाकघरात उभे राहा आणि ते पातेल्यातून पेल्यापर्यंत कसे जाते ते पाहा. मधे कुठे कच्चे पाणी मिसळते, कुठे हात बुडतो, हे आपल्याला स्वतःलाच दिसेल.